शेवटच्या फेरीची पाहुणी

पानगळ सरत आली की डेल्मर प्रुइटच्या फेऱ्यांना येणारी माणसं रोडावत जात, आणि ऑक्टोबरच्या अखेरीला तर नाव नोंदवलेल्यांपैकी निम्मे थंडीचं निमित्त सांगून गळायचे. त्या वर्षी शेवटच्या फेरीला एकच बाई आली. मारित लिंडक्विस्ट तिचं नाव. मिनेसोटाहून एकटीच गाडी चालवत आली होती. पन्नाशी ओलांडलेली, उंच, राखी केस मानेवर घट्ट आवळून बांधलेली. सोबत येणाऱ्या मैत्रिणीने आयत्या वेळी नाही म्हटलं, असं तिने अंगणातच सांगून टाकलं, आणि एकटीसाठी निघणं जमत नसेल तर मी आल्या वाटेने परत जाते, असंही.

"एकटीसाठी का नाही?" डेल्मर म्हणाला. "घोळका असला की निम्म्यांना माझे विनोद ऐकू जात नाहीत. आज तुमची सुटका नाही."

ती हसली नाही, पण हेल्मेट मात्र तिने हातात घेतलं.

डेल्मर साठीला टेकला होता. लग्न केलं नव्हतं. म्हणजे ठरवून केलं नव्हतं असं नाही, राहून गेलं होतं. आई होती तोवर घरात दोन ताटं होती, ती गेल्यावर एक उरलं. पुढे गावातली लाकूडकापणीची गिरणी बंद पडली तेव्हा त्याने घराशेजारच्या कोठारातलं जुनं गवत काढून तिथे विजेवर चालणाऱ्या मोटरसायकली आणून ठेवल्या आणि लोकांना मिझुरीतल्या ओझार्कच्या टेकड्यांतले झरे दाखवायला सुरुवात केली. शहरातली माणसं त्या गाड्यांच्या शांततेवर खूश असत. हरणं वाटेतून हलत नाहीत, चाकांखालची खडी तेवढी ऐकू येते, याचं त्यांना केवढं अप्रूप! डेल्मरला त्या शांततेचं काही कौतुक नव्हतं, ती त्याच्या घरी हवी तेवढी होती. त्याला आवडायचं ते हेल्मेटमधलं बोलण्याचं यंत्र. दिवसभर कुणाचा तरी आवाज अगदी कानाशी असायचा, श्वाससुद्धा ऐकू यायचा, आणि संध्याकाळी हेल्मेट काढलं की दोन्ही कान एखाद्या घरातलं सामान हलवावं तसे रिकामे होऊन जायचे.

पहिल्या झऱ्यापर्यंत मारित फारशी बोलली नाही. रस्ता कड्याच्या अंगाअंगाने खाली उतरत होता, ओकची तांबूस पानं अजून फांद्यांना चिकटून होती. चुनखडीच्या कपारीतून पाणी बाहेर येतं तिथे तिने हातमोजा काढला, मनगटापर्यंत हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"बधिर होईल," डेल्मर म्हणाला.

"होऊ दे."

तिथून पुढे मात्र तिचा आवाज त्याच्या कानात येऊ लागला. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. नवऱ्यापासून वेगळी होऊन बराच काळ लोटला होता; एक मुलगी होती, सिग्नी, तिच्या संसारात रमलेली. "घरी गेल्यावर मी आधी रेडिओ लावते," मारित म्हणाली. "ऐकायला नाही हो. कुणीतरी बोलत असावं म्हणून."  पुढच्या वळणावर डेल्मर सगळ्यांना एक विनोद सांगायचा, तो त्या दिवशी सांगायचा राहिला.

दुपारी ते ओपलच्या दुकानाशी थांबले. टेकड्यांच्या मधोमध असलेलं ते एकच दुकान. पेट्रोलपासून पावापर्यंत सगळं तिथे मिळायचं आणि डेल्मरची प्रत्येक फेरी तिथेच जेवायची. ओपल ऐंशीच्या घरातली, तोंडाने फटकळ. डेल्मर दिसला की "काय रे, कुणी गळाला लागली की नाही?" हे विचारल्याशिवाय तिने त्याला कधी आत घेतलं नव्हतं. त्या दिवशी तिने ते विचारलं नाही. काउंटरमागून मान वर केली, चष्मा सारखा केला आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई, मारित! किती दिवसांनी! गुडघा कसाय आता?"

मारित दारातच थबकली. "बरा आहे," ती म्हणाली. विचारल्यावर माणूस उत्तर देतो, तशी.

डेल्मरला वाटलं, यांची कुठली तरी ओळख असेल. ओपलने न विचारता दोन हॅम सँडविच कागदात गुंडाळली आणि त्यातलं एक बोटाने पुढे सरकवलं. "हे तुझं, यात मस्टर्ड नाही. आणि तू रे, नुसता बघत काय उभा राहिलास? बायकोला काय सोसतं नि काय नाही, ते मी लक्षात ठेवायचं का?"

डेल्मर हसला. ओपलच्या चेष्टेला हसायचं, ही त्याची सवय होती. पण ओपल हसत नव्हती. ती मारितच्या जाकिटाच्या कॉलरला लागलेलं सुकलेलं पान काढून टाकत होती, आणि ते असं, की यापूर्वी कित्येकदा काढलं असावं.

बाहेर पायरीवर बसल्यावर मारितने सँडविच उलगडलं नाही. "छान जमवलंत," ती म्हणाली. "एकटीदुकटी आली की करता वाटतं हे?"

"मी काही केलेलं नाही. ओपलचं वय झालंय. मला वाटलं, तुमची ओळख आहे."

"मी आयुष्यात पहिल्यांदा या राज्यात आलेय. मस्टर्डचं एक वेळ राहू द्या. माझा गुडघा? गेल्या हिवाळ्यात दारातल्या बर्फावर पडले मी. ते माझ्या मुलीशिवाय कुणाला माहीत नाही."

 तिने डेल्मरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यात लबाडी शोधली, आणि न सापडल्यावर सँडविच तसंच पायरीवर ठेवून ती उठली.

पुढचा झरा म्हणजे खरं तर डोह होता. पाणी तळातून येतं, पण वर साधा तरंगही उठत नाही. निळं, गच्च, स्थिर. पाहुण्यांना इथे आणून डेल्मर पाण्याच्या खोलीविषयी चारदोन गोष्टी सांगायचा. त्या दिवशी मारितच त्याच्याकडे वळली.

"तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच."

"मग मला असं कुणीतरी भेटवा की जे माझ्यासमोर सांगेल, हा माणूस एकटा आहे. मग मी त्या म्हातारीला हसेन, नि मला बरं वाटेल."

डेल्मरला ऐकून कसंसंच झालं. त्याचं एकटेपण पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं? लोकांनी त्याची कीव केली होती, टिंगल केली होती, थँक्सगिव्हिंगच्या सणाला जास्तीचं ताट मांडून त्याला बोलावलं होतं. ते कुणासमोर सिद्ध करून दाखवायची वेळ येईल असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं.

"माझी बहीण राहते या टेकडीपलीकडे," तो म्हणाला. "चला."

वाटेत दोघांच्या कानांत एकमेकांच्या श्वासांखेरीज काही नव्हतं.

ल्युएला स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. दार उघडल्यावर तिने सुरी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि भावाला ओलांडून सरळ मारितला मिठी मारली. मारितचे हात तिच्या पाठीमागे हवेतच राहिले.

"लू," डेल्मर म्हणाला, "या मारित. आम्ही आज सकाळी पहिल्यांदा भेटलोय. माझं लग्न झालेलं नाही, एवढं यांना सांग."

ल्युएलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग खुर्ची ओढून तिने मारितला बसवलं.

"भांडलात होय? म्हणून एवढे उतरलेत चेहरे! तू नको गं मनावर घेऊस. आमचे वडील अस्सेच. रागावले की आईला म्हणायचे, बाई, आपण कोण? दोन दोन दिवस चालायचं ते. आणि डेल, तू तरी जरा वयाचा विचार कर! आतापर्यंत कुणी सहन केलं असतं रे तुला?"

"लू, मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही," ल्युएला म्हणाली, आणि तिने पुन्हा सुरी हातात घेतली.

डेल्मर भिंतीला टेकून उभा राहिला. तो घाबरला होता. बहिणीचा चेहरा रोजचाच, स्वच्छ होता. पण त्या भीतीच्याही खाली दुसरं काहीतरी हललं, आणि ते त्याचं त्यालाच कळलं. भांडलात होय, असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ज्याच्याशी भांडायला कुणी आहे असा माणूस म्हणून बहिणीने आज त्याच्याकडे पाहिलं होतं.

मारित उठून खिडकीशी गेली. तिने फोन काढला. "सिग्नी? मी बोलतेय. ऐक, मी मिझुरीत आहे. निघताना सांगितलं होतं ना तुला, झरे बघायला जातेय म्हणून? मोटरसायकलवरून? ... नाही, नाही, नीट ऐक. मी इथे कुणालाही ओळखत नाही." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. तिचा मोकळा हात खिडकीच्या चौकटीवर होता आणि त्याची नखं पांढरी पडत चालली होती. शेवटी तिने फोन कानापासून दूर केला आणि डेल्मरपुढे धरला.

"तुमच्याशी बोलायचंय म्हणते." तिचा आवाज इतका हळू होता की तो हेल्मेटमध्येच नीट ऐकू आला असता. "तिला सांगा. तुम्ही फक्त खरं ते सांगा."

डेल्मरने फोन घेतला.

"डेल?" पलीकडचा आवाज तरुण होता, धास्तावलेला. "आईला काय झालंय? ती म्हणते, ती तुला ओळखतच नाही. पडलीबिडली का ती? तू आहेस ना तिच्याजवळ?"

"आहे," डेल्मर म्हणाला. ते खरंच होतं.

"मग मी निघू का तिकडे? आम्ही पुढच्या महिन्यात येणारच आहोत. मुलं तर आत्तापासून मागे लागलीत, डेल आजोबा मोटरसायकलवर कधी बसवणार म्हणून. पण काही असेल तर मी आजच निघते. डेल? बोल ना. आई बरी आहे ना?"

त्याला या बाईसोबतचा एकही दिवस आठवत नव्हता. ते त्याला पक्कं ठाऊक होतं, नंतरही राहिलं. त्याबाबत त्याने स्वतःला कधी फसवलं नाही. मारित त्याच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत संशय उरला नव्हता, सगळ्या जगात आता हा एकच माणूस आपल्या बाजूचा आहे, असा पुरता विश्वास होता. एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या जिभेवर होतं. फोनच्या पलीकडे, लांब कुठेतरी, एक लहान मूल डेल आजोबांशी मला बोलायचंय म्हणून हट्ट करत होतं.

"दमलीये जरा," डेल्मर म्हणाला. "विश्रांती घेतली की बरं वाटेल. तू नको येऊस."

त्याने फोन परत दिला. मारितने तो घेतला नाही. ल्युएलाने मधे हात घालून तो हळूच टेबलावर ठेवला आणि सफरचंदाची एक फोड मारितच्या पुढ्यात सरकवली.

परतीच्या वाटेवर ती पुढे होती. खरं म्हणजे वाटाड्याने पुढे असायचं, पण तिने त्याला पुढे जाऊ दिलं नाही, आणि त्यानेही तिला अडवलं नाही. दोनदा त्याने "मारित" अशी हाक मारली. उत्तर आलं नाही. यंत्र चालू होतं, कारण श्वास ऐकू येत होता. खडीचा रस्ता जिथे दुभंगतो तिथे ती थांबली नाही, मागे वळून पाहिलंही नाही, बरोबर डावीकडे वळली.

अंगणात तिची गाडी सकाळच्याच जागी उभी होती. हेल्मेट त्याच्या हातात देऊन ती गाडीत बसली, दार लावलं, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. डेल्मर कोठाराच्या दारात उभा राहून वाट पाहत राहिला. ऊन टेकडीच्या माथ्यावर गेलं, अंगणात सावली आली, तरी ती दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर पाहत बसली होती. मग इंजिन बंद झालं आणि ती खाली उतरली.

"कुठल्या रस्त्याने आले होते मी?" तिने विचारलं.

गावातून हमरस्त्याला लागायचं आणि उत्तरेकडे सरळ जात राहायचं. प्रत्येक पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जाऊन तो रस्ता सांगत असे, हात करून दाखवत असे.

"आत या," तो म्हणाला. "थंडी पडतेय."

मोटरसायकली चार्जिंगला लावायला त्याने जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. प्रत्येक वायर दोनदा तपासली. ती निघून जाईल, असं त्याला वाटत होतं, आणि ती गेली तर आपण थांबवणार नाही, असंही त्याने स्वतःला सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता.

दारातून त्याला ती पाठमोरी दिसली. बिडाच्या तव्यात मक्याचा ब्रेड भाजल्याचा वास घरभर पसरला होता, आणि हा वास या घरात आई गेल्यापासून आला नव्हता. मारितने न शोधता वरचं कपाट उघडलं, दोन ताटं काढली, ओट्याखालचा अडकणारा खण गुडघ्याने जरासा उचलून ओढला आणि त्यातून काटे-चमचे घेतले. मग ती वळली. तिचा चेहरा रडून भिजलेला होता आणि ती आपल्याच हातांकडे पाहत होती, दुसऱ्या कुणाचे हात घरात शिरल्यासारखे डोळे विस्फारून. आणि ते हात मात्र ताटं मांडत होते, फडक्याने टेबलाचा कोपरा पुसत होते, लोण्याचं भांडं त्याच्या उजव्या हाताला लागेल असं ठेवत होते.

"हात धुऊन ये," ती म्हणाली, आणि स्वतःचं बोलणं ऐकून दचकली.

डेल्मर हात धुऊन आला. खुर्ची ओढून बसला. त्याला भूक लागली होती.