बिनतेलाची भाजी

झुलाल धुळ्याच्या सूतगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. त्र्याण्णव साली मशीनसमोरच त्याच्या छातीत कळ आली आणि तो कोसळला. वाचला. कामगारांच्या सरकारी विम्याने तेव्हा एक प्रयोग सुरू केला होता. खाणं सुधारायचं, रोज चालायचं, तंबाखू सोडायची, राग आवरायचा. हे सगळं हृदयरोगाच्या डॉक्टरांनीच दवाखान्यात शिकवायचं आणि खर्च विम्याने द्यायचा. स्वयंपाक बायकोच्या हातात, म्हणून तिनेही यायचं. डॉ. लता शिसोदेंच्या दवाखान्यात झुलाल आणि मंजुळाबाई दर शनिवारी जाऊ लागले.

पहिल्यांदा बिनतेलाची भाजी वाढली तेव्हा झुलालने ताट भिरकावलं. ताटाची कड मंजुळाबाईच्या कपाळात घुसली.

"हाई काय शे? ढोरेसनं खानं?"

"डॉक्टरबाईनी सांगेल शे," पदराने रक्त दाबत ती म्हणाली.

शनिवारी डॉक्टरांनी कपाळावरच्या टाक्यांबद्दल विचारलं. ओट्यावरून पडले, असं तिने सांगितलं.

तंबाखू सुटल्यापासून तो आणखीच पिसाळला. एकदा त्याच्या उशीखाली पुडी सापडली आणि तिने ती चुलीत टाकली. त्याने दाराचा अडसर उचलला. पहिला फटका पाठीत बसला. दुसरा तिने हातावर झेलला आणि हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. तरी तो थांबला नाही. शेजारचा भिकन धावून आला, म्हणून ती वाचली.

पुढच्या शनिवारी ती प्लास्टर घालूनच वर्गाला आली. डॉक्टर एकेकाला विचारत होत्या, "राग कसा आहे आता?"

"एकदम शांत," झुलाल म्हणाला.

मंजुळाबाई उठली. प्लास्टरचा हात तिने सगळ्यांपुढे धरला. "हाऊ देखा यास्ना शांतपना."

एक-दोन पुरुष हसले. झुलालने झेप घेऊन तिचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. डॉक्टर मध्ये पडल्या, त्यांनाही कोपर लागलं. माणसांनी त्याला ओढलं, तेवढ्यात छाती धरून तो खाली बसला. ओठ काळेनिळे पडले.

त्याच्या खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी कोणाला सापडेना. मंजुळाबाईने ती काढली, डाव्या हाताने त्याचा जबडा उघडला आणि गोळी आत सारली. कानातून रक्त येत असताना ती त्याच्याजवळ बसून राहिली. त्याचा श्वास सुरळीत झाल्यावर उठली आणि डॉक्टरांना म्हणाली, "आते मी भाऊकडे जास."

डॉक्टरांनी योजनेतून झुलालचं नाव कापलं. विम्याचे साहेब चिडले. "बाई, योजना हृदयाची आहे, संसाराची नाही."

"मग त्याचा राग कोणी मोजायचा?" डॉक्टर म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्या बायकांना वेगळ्या खोलीत बसवून घरातल्या मारहाणीबद्दल विचारलं. एकीने पोलक्याची बाही वर करून दंडावरचे वळ दाखवले.

दोन महिन्यांनी झुलाल दोंडाईच्याला मेव्हण्याच्या दारात आला. वाळला होता. "घर चाल. तेल सोडं मी, तंबाखू सोडी."

मंजुळाबाई उंबऱ्यावरच उभी राहिली. तिचा भाऊ धनसिंग पुढे सरला, तिने त्याला मागे केलं.

"बरं झालं, सोडी," ती म्हणाली. "आते माले बी सोडा."

तो संध्याकाळच्या गाडीने परतला. ती पुन्हा कधी धुळ्याला गेली नाही.