सात घरच्या पुड्या

२०२१ सालच्या नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलेलं असताना, शेवंती आमच्या पायरीवर येऊन बसली आणि तिने पुडी पुढे केली. "ही तुझी. यंदा साल बरी सुटली."

पुडी दरवर्षीसारखीच होती. जुन्या कॅलेंडरचा कागद, वर केळीच्या दोराची गाठ. मी सवयीने ती नाकाशी नेली. डांबरगोळ्यांचा वास थेट डोक्यात गेला.

"वास कसो आसा?" तिने विचारलं.

"बरो," मी म्हणाले.

कोरगावात आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलो. तेव्हापासून शेजारणी. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिने तीस वर्षं खिचडी शिजवली आणि निवृत्त झाली. तिच्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखं एकच. घरामागची दालचिनीची सात झुडपं. तिच्या सासूने लावलेली. ती कधी वाढू द्यायची नाहीत; बुंध्याशी छाटायची, म्हणजे बोटाएवढे जाड कोंब फुटतात आणि त्यांची साल काढता येते. पाऊस ओसरला की शेवंती एका कोंबावर नखाने चीर पाडायची, वास घ्यायची आणि ठरवायची, आज की अजून आठ दिवसांनी. मग वरचा पापुद्रा खरवडून, पितळेच्या डावल्याच्या, म्हणजे पळीच्या, दांड्याने कोंब घासत बसायची. साल सैल झाली की सुरीने उभा छेद, आणि अख्खी साल हातात. सुपात घालून सावलीत ठेवली की ती आपोआप वळत जाई.

खोकल्याला चहात, दाढदुखीला दातांखाली, सांदणाच्या रसात असं सगळीकडे ती दालचिनी जाई. चवथीला सरळ नळ्यांची जुडी गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायची, वाकड्या तुकड्यांत सुपाऱ्या ओवून दाराला तोरण करायचं. उरलेली मलमलीच्या पिशवीत घालून कपड्यांच्या ट्रंकेत. पण मुख्य म्हणजे बाळंतिणीचा कसाय, काढा. धने, जिरे, मिरी आणि शेवंतीची दालचिनी. आमच्या वाड्यावर तिच्या पुडीशिवाय बाळंतपण झालेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पलीकडची कोमल आली.

"काकी, शेवंतीकाकीची पुडी उघडलंस? कसाय करूचो की रस्तो करूचो तेचो?"

"तू तिका सांगलंस?"

"मी कशाक सांगू? तू सांग. तुझी मैत्रीण."

सगळ्यांना वास आला होता. सगळ्यांनी पुडी हसून घेतली होती. कोणी म्हणे, वयामुळे विसरते. कोणी म्हणे, डोकं चालेनासं झालं. तिच्या तोंडावर बोलायला कोणी तयार नव्हतं, आणि मीही दोन दिवस काढलेच.

तिसऱ्या दिवशी गेले तर अंगणातच करपल्याचा वास. शेवंती चुलीकडे पाठ करून तुळशीसाठी तोरण ओवत होती.

"शेवंती, भात लागलो."

तिने वळून पाहिलं. धूर दिसला तेव्हा उठली, टोप उतरवला आणि परत येऊन बसली. माझ्याकडे बघेना.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मे महिन्यापासून. घरात सगळी आजारी पडलेली मा? सगळ्यांचो वास परत इलो. माझो नाय इलो."

"आणि कोणाक सांगलंस नाय?"

"काय सांगूचा? नाक होतां थयच आसा."

मी हसले नाही. म्हटलं, "पुडीक डांबरगोळ्यांचो वास येता गो."

ती उठली. आत गेली, ट्रंक उघडली. चवथीला काढलेली गणपतीची वस्त्रं वर होती, आणि त्यांच्या घड्यांत पांढऱ्या गोळ्या. खाली दालचिनीची पिशवी. चवथीनंतर ट्रंक आवरली होती ती सुनेने, गौरवीने. गौरवी आत्ता म्हापशाला कामावर गेलेली होती. शेवंतीने ट्रंक मिटली आणि बोटांवर घरं मोजली. माझं धरून सात.

"शिवदासाकडेय दिलंय," ती म्हणाली. शिवदासाची बायको भाग्यलक्ष्मी पंधरा दिवसांची बाळंतीण होती.

शेवंतीने पायात चपलाही घातल्या नाहीत.

शिवदासाची आई अंगणात दुपटी वाळत घालत होती. आम्हाला पाहून तिने हात पुसले.

"ये गो शेवंती. तुझ्या दालचिनीचो कसाय बरो मानवलो. दोन वेळ देतंय तिका."

शेवंतीने खांब धरला.

"चेडू दूध पिता?"

"पिता तर."

"रडता? नुसतां झोपान नाय मा रवणा?"

"असां काय विचारतंस?"

"वैनी, माका वास येणा नाय. मे महिन्यापासून. पुडीक डांबरगोळ्यो लागल्यो हत, ता माका कळलांच नाय. ता विष. तू बाळंतिणीक खराच दिलंस?"

शिवदासाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"नाय गो. त्याच दिसा खतयेच्या खड्ड्यात टाकलंय. तुका वायट वाटात म्हणान बोललंय तसां."

"खरां?"

"माझ्या नातीची आण."

शेवंती पायरीवर बसली. आत मूल रडायला लागलं. भाग्यलक्ष्मीने ते उचलून घेईपर्यंत शेवंती ऐकत राहिली.

"रडता बरां," ती म्हणाली.

मग आम्ही उरलेली घरं घेतली. कोमलने परसाकडच्या खिडकीतली पुडी आणून दिली. तिघींनी जाळली होती. एकीला ती कुठे टाकली ते आठवेना, तिथे शेवंती सापडेपर्यंत बसून राहिली. प्रत्येक दारात ती एवढंच म्हणायची, "माझो वास गेलोहा. पुडी वापरू नको. चूक माझी." कोमलने विचारलंच, गोळ्या घातल्या कोणी. "माझी ट्रंक," शेवंती म्हणाली आणि चालू लागली.

शिवदासाची आई दोन वर्षांनी गेली. कोमल बदली होऊन डिचोलीला राहायला गेली. येते तेव्हा कसायाचा विषय काढत नाही. शेवंतीचा मुलगा सागर आणि गौरवी यांनी केरीला छोटी खानावळ टाकली. गौरवीला काहीच कळलेलं नाही. दर चवथीनंतर ती ट्रंकेत डांबरगोळ्या घालते, आणि शेवंती घालू देते. दालचिनीची पिशवी आता स्वयंपाकघरात वाशाला टांगलेली असते.

भाग्यलक्ष्मीची मुलगी, रेश्मा, शाळेत जाते.

शेवंतीचा वास परत आला नाही. पाऊस ओसरला की भाग्यलक्ष्मी तिच्याकडे जाते. गेल्या आश्विनात मीही गेले होते. शेवंतीने कोंबावर नखाने चीर पाडली, तो वाकवून आधी स्वतःच्या नाकाशी नेला, क्षणभर डोळे मिटले, आणि मग तो भाग्यलक्ष्मीच्या नाकापुढे धरला.