मधल्या धारेतला रोट

पुष्पाबाईला पाण्याची भीती होती, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. माहेर सोनगीरचं. तिथं किल्ला आहे, धोंडे आहेत, हंडाभर पाण्यासाठी विहिरीवर भांडणारी माणसं आहेत. नदी म्हणावी असं काही नाही. लग्न होऊन तापीकाठी आली तेव्हा नवऱ्यानं, धनसिंगनं, नदी दाखवली तर ही बया चार पावलं मागंच सरली होती. ती बाई श्रावणातल्या तुडुंब तापीत, सुपडू भोयाच्या शिडाच्या नावेत चूल मांडून बसली, असं कुणी सांगितलं असतं तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. पण बसली खरी, सन चोपनच्या श्रावणात, कानबाईच्या रविवारी.

कारण काय, तर तिचे दोन पुरुष. एक नवरा, एक दीर. दोघंही सोन्यासारखे आणि दोघंही एकाच दगडाचे.

धाकट्या छगनला पुष्पाबाईनंच वाढवलं होतं. ती नवरी होऊन आली तेव्हा तो तिच्या पदराला धरून चुलीपाशी बसायचा आणि भाकरीचा पापुद्रा मागायचा. पुढं मोठा झाला, कुंदाबाईशी लग्न झालं. आणि एकदा तो सासुरवाडीला गेलेला असताना धनसिंगनं त्याचा लाडका पांढरा बैल त्याला न विचारता विकून टाकला. बैल म्हातारा झाला होता, विकायलाच हवा होता, सगळं खरं. पण विचारायला काय तोंड दुखत होतं? छगन परत आला, रिकामा खुंटा पाहिला आणि शब्दानं शब्द वाढला. धनसिंग भर अंगणात म्हणाला, "जाय, सासराना दारनी भाकर खाय." छगन तसाच बायकोला घेऊन नदीपलीकडं गेला. या काठाला पुन्हा पाय लावणार नाही, अशी आण घेऊन गेला.

आता भांडणं कुणाच्या घरात होत नाहीत? पण या घरात श्रावणात कानबाई देवी बसते. कानबाईचे रोट म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, एकत्र दळायचे, एकाच चुलीवर भाजायचे आणि साऱ्या भाऊबंदांनी मिळून खायचे. एक भाऊ पंगतीत नसेल तर रोट करायचे नाहीत, ही या घराण्याची रीत. दोन श्रावण देवीचा पाट कोरडा राहिला होता. तिसराही गेला की 'रोट तुटला' म्हणायचं, मग दोन घरांच्या दोन देव्या, दोन चुली, आणि पुढं एकमेकांच्या मयताला जायचं ते पाहुण्यासारखं. पुष्पाबाईला हे सहन होणार नव्हतं. तिचा छगन पाहुणा होणार, ही कल्पनाच तिला घास गिळू देत नव्हती.

"तुम्हीच तिकडं जा," तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं.

"रोट सोयऱ्याच्या घरी भाजतात का कुठं?" धनसिंग म्हणाला. "देवी कोपेल. त्याला म्हणावं, इकडं ये."

सुपडू भोई रोज या काठाचं त्या काठाला करायचा. त्याच्याकरवी निरोप गेला, निरोप आला. छगन म्हणाला, आण म्हणजे आण. दोघांचंही म्हणणं शास्त्राला धरून, आणि दोघंही मूर्ख.

तेव्हा पुष्पाबाई घाटावर गेली आणि सुपडूला म्हणाली, "तुझी नाव रविवारी मला पाहिजे. नदीत मधोमध चूल पेटवायची आहे."

सुपडूच्या हातातली विडी तशीच राहिली. "कोनी नावमा इस्तो पेटाडस का, वहिनी? नाव लाकडाची शे."

"वाळू भरून घेईन खाली. आणि सांग मला, मधल्या धारेत काठ कुणाचा?"

सुपडूनं बराच विचार केला. काठ कुणाचाच नव्हता.

धनसिंगला तिनं हेच विचारलं. त्यानं आधी नाही म्हटलं, मग देवीच्या कोरड्या पाटाकडं पाहिलं, मग म्हणाला, "येतो. पण मी त्याच्याशी बोलणार नाही."

"तुम्हाला बोलायला कोण सांगतंय? रोट खा म्हणजे झालं."

रविवारी घासलेटचा डबा उभा कापून त्यात ओली वाळू ठासली, तिच्यावर मातीची चूल बसवली. गोवऱ्या, मातीचं खापर, परात, तूप, गुळाचं पाणी, आणि लाल फडक्यात गुंडाळलेला कानबाईचा नारळ. पुष्पाबाई सकाळपासून उपाशी. नावेत पाय टाकला तशी नाव हलली आणि तिनं डोळे मिटून देवीलाच दम दिला, की बुडवायचं असेल तर आधी रोट होऊ दे.

नाव आधी पलीकडं गेली, तिथं सुपडूनं निरोप आधीच पोचवला होता. छगन काठावर उभाच होता, दोन वर्षांत हडकलेला. मागं कुंदाबाई, डोक्यावरून पदर, कडेवर सहा महिन्यांची पोर. पोर झाल्याचं कळलं होतं, पण पाहिली कुणी होती? कुंदाबाईनं तिघांच्या नावाचं पीठ पदरात बांधून आणलं होतं. दळण दोन जात्यांवर झालं होतं, म्हणून पुष्पाबाईनं ते परातीत ओतलं, आपलं पीठ त्यावर ओतलं आणि दोन्ही हातांनी असं कालवलं की आता कुणाचा बाप आला तरी वेगळं करता येणार नाही. मग तिला जरा बरं वाटलं.

धनसिंग एका टोकाला पाठ करून बसला होता. छगन दुसऱ्या टोकाला पाठ करून बसला.

श्रावणातला वारा पश्चिमेचा, तापी पश्चिमेलाच वाहणारी. सुपडूनं शीड असं धरलं की धार नाव खाली ओढी आणि वारा वर ढकली. नाव मधोमध जागच्या जागी डुलत राहिली. हे झकास जमलं. पण ज्या वाऱ्यानं नाव धरली त्यानंच चुलीचा जीव घेतला. गोवरी पेटली की जाळ आडवा, राख परातीत, आणि खापर गारच्या गार. रोट म्हणजे फुलका नव्हे. बोटभर जाड, त्याला निवांत विस्तव लागतो. पहिला रोट खापरावर नुसता सुकत पडला. पुष्पाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, धुराचंही आणि रागाचंही.

"आडोसा कर, सुपडू."

"माझे हात शिडाला शेतस. शीड सोडलं तर आपण सुरतेला."

तेव्हा पुष्पाबाई उठली, नवऱ्याची घोंगडी ओढून घेतली, एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं दिराच्या. "दोघं उठा. वाऱ्याकडं बसा आणि धरा. लाज असेल तर हलवू नका."

तिचा आवाज असा लागला की दोघंही निमूट उठले. खांद्याला खांदा लावून बसणं भाग होतं, घोंगडीच तेवढी.

"सुपडू, त्याले सांग, घोंगडी खाले धर," धनसिंग नदीकडं बघत म्हणाला.

"वहिनी, भाऊले सांगा, मन्हा हात खालेच शे. त्यासना वर शे."

"त्याले सांग, मी मोठा शे, मन्हा हात वरच राही."

सुपडू कुणालाच काही सांगत नव्हता. तो मान वळवून हसत होता.

विस्तव मात्र बसला. दुसरा रोट खापरावर पडला, गुळाचा वास सुटला, कडा तांबूस झाल्या. पुष्पाबाई रोट परतायची, मग निखाऱ्याला टेकवून उभा करायची, नाव कलली की हातानं धरायची. बोटं भाजली, पण नदीची भीती कुठं गेली ते तिला कळलंही नाही. एवढ्यात वारा किंचित फिरला आणि धूर सरळ कुंदाबाईच्या मांडीवर. पोर रडायला लागली. कुंदाबाईनं पदर घेतला, पण ती जेठापुढं, थोरल्या दिरापुढं, सरकेना, बोलेना.

तशी घोंगडीची धनसिंगकडची बाजू हळूच पोरीकडं वळली. इकडं चूल उघडी पडली, जाळ उसळला आणि रोट एका अंगानं काळा झाला. पुष्पाबाईनं वर पाहिलं. धनसिंग नदीकडंच बघत होता, जसं काही त्यानं केलंच नव्हतं. छगननं मात्र पाहिलं होतं. त्यानं आपलं टोक ताणून चुलीवर ओढलं. आता घोंगडीत दोन्ही मावत होती, पोरही आणि चूलही. पुष्पाबाईनं करपलेला रोट बाजूला ठेवला आणि नवऱ्यावर मुळीच चिडली नाही.

रोट झाले. नारळापुढं ठेवले, तूप सोडलं. आता खरी घडी. आधी कर्त्या पुरुषानं रोट मोडायचा आणि घरातल्या सगळ्यात धाकल्याला पहिला घास आपल्या हातानं भरवायचा, मग बाकीच्यांनी खायचा. एकानं जरी तोंड फिरवलं तरी सगळं वाया. त्या दोघांचा काय भरवसा?

धनसिंगनं रोट मोडला. वाफ आली. तुपात बुडवून घास केला, फुंकला, आणि नेहमी करायचा तसा, जराही न बघता, उजवीकडं छगनच्या तोंडासमोर धरला. लग्नाआधीपासून, आई गेली तेव्हापासून, पहिला घास याच हातानं याच तोंडात गेला होता. आणि तो ताडमाड छगन, मिशीवाला, आण घेतलेला, त्यानंही काही विचार न करता तोंड उघडलं आणि घास घेतला.

सुपडूलाच राहवलं नाही. "धनसिंगभाऊ," तो म्हणाला, "धाकलं ते आते तठे शे." आणि हनुवटीनं त्यानं पोरीकडं दाखवलं.

धनसिंग गडबडला. आपला तुपाळलेला हात बघत राहिला. छगन तोंडात घास तसाच ठेवून बसला होता. गिळावा की काढावा हे त्याला कळत नव्हतं.

"राहू दे," धनसिंग म्हणाला. "माझा धाकला हाच शे." मग पहिल्यांदाच भावाकडं वळून म्हणाला, "गिय. बैल तुला विचारून विकायला पाहिजे होता."

छगननं घास गिळला. मग मान खाली घालून रडायला लागला, लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत. पुष्पाबाई त्याच्या डोक्यावर पिठाचा हात ठेवून स्वतःच हुंदके देत होती आणि त्याला मात्र गप्प बस म्हणत होती. कुंदाबाईनं पोर पुढं केली. धनसिंगनं तुपाचं बोट तिच्या ओठाला लावलं. तिनं ते चोखलं आणि सोडेना.

सगळे रोट संपायलाच हवेत, रीतच ती. करपलेला कुणी खायचा यावर दोघा भावांची पुन्हा जुंपली, पण आता समोरासमोर. शेवटी तो पुष्पाबाईनं हिसकावून घेतला. उपाशी बाईला करपलेलाही गोड लागतो, आणि हा तर तिला सगळ्यांत गोड लागला.

"कोणत्या काठाला लावू?" सुपडूनं विचारलं.

छगननं भावाकडं पाहिलं. आण त्याच्या गळ्याशीच होती, ती बोलून दाखवायची लाज वाटत होती. धनसिंगनं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं.

"पलीकडं लाव," तो म्हणाला. "त्याच्या सासऱ्यावरून मी नको ते बोललो होतो. आधी त्याच्या दारी जातो. मग हा येईल माझ्या."

सुपडूनं शीड वळवलं. छगन सरकला आणि भावाच्या शेजारी, घोंगडी नसतानाही, खांद्याला खांदा लावून बसला.