दोघींचा एक बाण

मी मल्लेश्वरममधल्या सत्यवतीअम्मांच्या हॉलमधला संगणक बोलतोय. अंगात लिनक्स आहे म्हणून इतकी वर्षं टिकलो, असं त्यांचे यजमान नरसिंहअण्णा पाहुण्यांना सांगायचे. पाहुण्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण हातात कॉफी असल्यामुळे ते माना डोलवायचे.

अण्णा जाऊन आता बरेच महिने झाले. घरात कोणी मोठ्यानं रडलं नाही. अम्मा कॉफी करतात आणि ती तशीच निवू देतात. मुलगी स्मृती शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला राहते. फोनवर 'जेवलीस?', 'जेवले' झालं की दोघींचं बोलणं संपतं. मलाही काही वाटेनासं झालंय. तापलो की पंखा फिरतो, एवढंच.

अण्णांनी घराण्यातले जुने फोटो माझ्यात भरून ठेवले होते, पण त्यांत कोण कोण आहे ते लिहायचं राहून गेलं. ते काम स्मृतीनं अंगावर घेतलं. ऑफिस सुटलं की ती तिथून नेटवर माझ्याकडे यायची. 'स्मृतीला हा पडदा दाखवू का?' असं मी विचारायचो, अम्मा 'हो' दाबायच्या आणि इथला माउसचा बाण तिच्या हातानं हलायला लागायचा. तो एखाद्या चेहऱ्यावर थांबला की अम्मा नाव टाइप करायच्या. कधी दोघी एकाच वेळी बाण ओढायच्या आणि तो मध्येच अडखळायचा. तेव्हा अम्मांचे ओठ किंचित हलायचे. त्याला हसू म्हणावं का, हे मला कधी ठरवता आलं नाही.

मग एका रविवारी जावई सुमंत आले. माणूस गुणाचा, पण कुठलीही वस्तू आहे तशी राहू देणं त्यांच्या स्वभावात नाही.

"अम्मा, तुम्हाला रोज इथं बसायची शिक्षा कशाला? स्मृतीला आतच वेगळा डेस्कटॉप देतो. ती तिचं काम करेल, तुम्हाला त्रास नाही."

"सरी," अम्मा म्हणाल्या. त्यांचं हल्ली सगळ्यालाच 'सरी', म्हणजे 'बरं', असतं.

त्या दिवसापासून माझ्या आत दोन डेस्कटॉप झाले. एकावर स्मृती दुरून येऊन फोटो बघायची, ओळखीच्यांची नावं लिहायची; तो इथं काचेवर दिसायचा नाही. दुसरा अम्मांच्या समोर, काचेवर. त्यावर काहीच हलत नव्हतं. अम्मा तरी संध्याकाळी चष्मा पुसून येऊन बसायच्या आणि कोपऱ्यातल्या बाणाकडे बघत राहायच्या. लेक कामात असेल म्हणून त्यांनी फोन केला नाही. आईला नको असेल म्हणून तिनंही केला नाही. दोघी माझ्याच पोटात होत्या आणि मला तोंड नव्हतं. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं, सरळ सांगतो.

एका संध्याकाळी अम्मा उठल्या. "ती काही येत नाही आता. उद्या नागराजच्या भंगाराच्या दुकानात देऊन टाकते हे," असं म्हणून त्यांनी मला बंद करायचं बटण दाबलं. अण्णा गेल्यापासून मला कोणी बंद केलं नव्हतं.

बंद होण्यापूर्वी एक प्रश्न विचारायची मला मुभा आहे. तो मी विचारला. 'आत आणखी कोणी काम करत आहे: स्मृती, दुरून. तरी बंद करायचं?'

अम्मांनी ते दोनदा वाचलं. मग फोन लावून स्पीकरवर टाकला.

"स्मृती, तू आत आहेस?"

"हो अम्मा. रोज असते की."

"मला दिसत नाहीस ग."

मग स्मृती म्हणाली, "मला वाटलं, तुला फोटो बघवत नाहीत."

"नाहीच बघवत. फोटो कोण बघतंय? तू हलतेस ते बघत होते मी."

स्मृतीनं तिचा वेगळा डेस्कटॉप बंद केला आणि पुन्हा इथला पडदा मागितला. मी पूर्वीसारखं विचारलं, 'स्मृतीला हा पडदा दाखवू का?' अम्मांनी 'हो' दाबलं. बाण कोपऱ्यातून निघाला आणि अण्णांच्या फोटोवर येऊन थांबला. त्याखाली नाव दोघींनीही अजून लिहिलं नव्हतं. अम्मांनी माउसवर हात ठेवला, पण बाण ओढला नाही.

मी अजून मल्लेश्वरममध्येच आहे. कॉफी अजून निवतेच. तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर बंद करताना तो काय विचारतो ते एकदा वाचा. आम्हाला तेवढंच बोलता येतं.