गौतमीची मूठ

त्या दिवशी राबावरच दोघी जावांची जुंपली. तुळजाबाई थोरली, गौतमी धाकटी. भाताचं बी टाकायच्या तुकड्यावर शेण, पाला, वर गवत अंथरून झालं होतं. ऊन चढायच्या आत ते भाजायचं होतं. पण वढ्याकाठची जमीन कुणाच्या वाट्याला जाणार, यावरनं शब्दाला शब्द लागला. गौतमी तोंडानं फटकळ.

"जिला पोर न्हाई तिला जमीन कशापायी लागती?" असं बोलून ती पाल्याची शेवटची पाटी घेऊन पल्याडच्या कडेला गेली.

काडेपेटी तुळजाबाईच्या हातात होती. वारं तिच्या पाठीकडनं सुटलेलं. पेटवायच्या आधी हाळी द्यायची, एवढं मुळशीत बारकं पोरगंही जाणतं. तुळजाबाईनं काडी वढली, गवताला लावली आणि तोंड मिटून उभी राहिली.

गौतमी धुरातनं पळाली, पण पायात पाला गुतला आणि ती पडली. उजवा हात पार मनगटापर्यंत धुमसत्या शेणात गेला.

"वारं फिरलं," तुळजाबाई सगळ्यांना म्हणाली. कुणी फिरून विचारलं नाही.

घरचाच लेप लावून हात फडक्यात बांधला. महिन्यानं फडकं सोडलं तर मूठ वळलेली. चारी बोटं तळव्याला चिकटून एक झालेली.

त्याला अकरा वर्षं झाली. गौतमीची भांडी, धुणं, वेणी, सगळं तुळजाबाई करायची. जावेच्या ताटातली भाकरीसुद्धा तीच कुस्करून द्यायची. फाल्गुन सरला की डोंगरउतारावर जागोजागी राब पेटायचे. धूर दिसला की तुळजाबाईच्या कानात गौतमीची त्या दिवशीची किंकाळी उठायची. मग ती घरात जाऊन दार लावून बसायची. नवरा नथू म्हणायचा, "हिला धूर सोसत न्हाई."

गौतमीचा नवरा एकनाथ हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो. गाडीतल्या एका बाईनं त्याला शहरातल्या फुकट ऑपरेशनच्या शिबिराचं सांगितलं. दवाखान्यात सोबत तुळजाबाई गेली. डॉक्टर मेधाबाईंनी बोटं एकेक करून सोडवली, मांडीची कातडी काढून तळव्याला लावली, बोटांत तारा घातल्या. काही आठवड्यांनी तारा निघाल्या.

"खरं काम आता आहे," मेधाबाई म्हणाल्या. "खोबरेल लावून प्रत्येक बोट मागं ताणायचं. दिवसातनं तीनदा, सहा महिने. त्या रडल्या तरी थांबायचं नाही. कोण करणार?"

एकनाथानं एकदा करून बघितलं. बायको वरडली तसा तो उठून अंगणात गेला. मग तुळजाबाई बसली. पण बोट जरा ताणलं की गौतमी तशीच किंचाळायची, राबात किंचाळली होती तशी. तुळजाबाई बोट सोडून द्यायची. "ऱ्हाऊ दे, उद्या करू," म्हणायची. पंधरा दिवसांत बोटं परत आत वळाया लागली.

मेधाबाईंनी हात बघितला आणि तुळजाबाईकडं वळल्या. "तुम्ही दया करताय. ही दया यांचा हात खाणार."

घरी आल्यावर तिनं पाट मांडला, जावेचा हात मांडीवर घेतला आणि बोट मागं वढलं. गौतमी किंचाळली. तुळजाबाईनं सोडलं नाही. दुसरं बोट झालं. तिसरं झालं. तिच्या कपाळावरनं घाम गळत होता.

"गौते, वारं फिरलं न्हवतं," ती म्हणाली.

गौतमीनं डोळे उघडले.

"तू पल्याड हायेस हे मला दिसत हुतं. बघूनच काडी वढली म्या. हाळी दिली न्हाई."

बाहेर परड्यात कोंबड्या माती उकरत होत्या.

"आमच्या ह्यांस्नी सांगितलंस?" गौतमीनं विचारलं.

"न्हाई. कुणालाच न्हाई."

"मग आता नगंच सांगू, अक्का." तिनं हात पुढं सारला. "करंगळी ऱ्हायलीया. वढ."

त्या दिवसापासनं गौतमी कधी किंचाळली नाही. ओठ आवळायची, आणि बोटं ताणून होईस्तोवर तुळजाबाईच्या तोंडाकडं बघत राहायची. दिवसातनं तीनदा. तुळजाबाईला वाटायचं, हिनं वरडावं, शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी. गौतमी नुसती बघायची. वरडणं बरं होतं, त्याला कान तरी झाकता आले असते.

आखाडात लावणी लागली. गुडघाभर चिखलात बाया ओळीनं वाकल्या. गौतमीच्या उजव्या हातात रोपांची जुडी होती. बोटं पुरती सरळ नव्हती, पण अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत रोप धरून ती मातीत नीट खोचत होती. तिच्या शेजारीच तुळजाबाई.

बांधावरनं शेजारची म्हातारी बघत होती.

"गौतमे, अशी जाऊ मिळाया नशीब लागतं बघ. सख्खी भन करणार न्हाई एवढं केलं हिनं."

गौतमीनं हातातलं रोप खोचलं, दुसरं घेतलं.

"व्हय काकू," ती म्हणाली. "ह्या हाताचं जे काय झालं, ते समदं अक्कानंच केलंय."

म्हातारी कौतुकानं मान हलवत पुढं गेली. तुळजाबाई खाली वाकली होती, ती ओळ सरेस्तोवर वर आली नाही.