काडेपेटीतली माय

नेर येथील बसस्थानकामागच्या वस्तीत अश्वजित नावाचा पंक्चर काढणारा गृहस्थ राहत असे. त्याची कन्या संबोधी चार वर्षांची होती. आई साधना माहेरी निघून गेल्यापासून त्या बालिकेने बोलणे जवळजवळ टाकून दिले होते. भाकरीचा घास ती गालात धरून बसे, परंतु गिळत नसे.

साधना गेली ती एका थपडेवरून. ती थप्पड अश्वजितने मारली होती, आणि तीही लेकीदेखत. मुकुटबनहून तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला, तेव्हा अश्वजितने संबोधीला कवटाळून दार अडवले. "तुले जाचं त जाय. पोरगी माही हाये!" असे तो गरजला होता. रागाच्या भरात जिंकलेली ती बाजी त्यानंतर त्याला नित्य हरवीत राहिली. साधना त्याचा फोन उचलत नव्हती.

अंगणवाडीच्या ताई पालकांच्या मोबाईलवर घरी करावयाचे खेळ पाठवीत. प्रथम नात्यांचे झाड आले. अश्वजितने खराट्याच्या काड्या पुठ्ठ्यावर चिकटवून झाड उभे केले, परंतु संबोधीने आईचा फोटो त्यावर लावूच दिला नाही, मुठीत चुरगाळून धरला. पुढे काडेपेटीच्या फोनचा खेळ आला. 'मुलांना घरच्यांशी व शेजाऱ्यांशी बोलते करा,' असे ताईंनी खाली लिहिले होते. त्याने दोन रिकाम्या पेट्यांना भोके पाडून दोरा ओवला, एक पेटी लेकीच्या हाती दिली आणि दुसरी टिनाच्या भिंतीतील फटीतून शेजारच्या सोनीबाईकडे सरकवली. सोनीबाई एकटी राहणारी वृद्ध बाई होती.

"बोल," तो म्हणाला, "पलीकडं कोन हाये, इचार."

संबोधीने पेटी तोंडाशी धरली. कितीतरी दिवसांनी तिच्या कंठातून शब्द फुटला.

"माय?"

 टिनापलीकडून सोनीबाईचा स्वर आला, "हाव बाई. जेवली काय?"

हीच ती वेळ होती, जेव्हा अश्वजितने लेकीची चूक सुधारावयास हवी होती. तथापि त्या सायंकाळी लेकीने सबंध भाकर खाल्ली, आणि त्याची जीभ उचलली नाही. त्या दिवसापासून सांज झाली की दोरा ताणला जाई, आणि सोनीबाई पलीकडून भाकर खा म्हणे, गाणे म्हणे.

"बायको तू घालवली अन् माय म्या व्हाव काय रे?" एकदा अंगणात सोनीबाईने त्याला टोचले. "या वयात बाळंत केलं मले! सांगून टाक तिले खरं."

"खाऊन राह्यली न काकू," तो अजिजीने म्हणाला. "थोडे दिस."

असेच दिवस जात असता एका दुपारी त्याच्या मोबाईलवर साधनाचे नाव उमटले. 

"जयभीम. तुमच्यासाठी नाई केला," ती म्हणाली. "बोधीले द्या. तिनं एक डाव 'माय, ये' म्हटलं, त उद्याच्या गाडीनं येईन. तुमी मात्र मधात बोलू नका."

त्याने आवाज मोठा करून फोन लेकीपुढे धरला. त्याचे सारे आयुष्य त्या एका शब्दाकडे डोळे लावून बसले होते.

"बोधी, मी माय."

संबोधीने फोनकडे पाहिले. त्या यंत्रातून तिची माय कधी बोललीच नव्हती.

"तू नाई माय," ती म्हणाली. "माही माय सांजेले बोलते. भाकर खाय म्हणते. गाणं म्हणते. इथंच रायते ते, टिनाच्या पलीकडं."



"इतक्यात दुसरी आणली?" साधनाचा आवाज चिरला होता. "अन् लेकराच्या तोंडी तिले माय म्हणाले लावलं?"

"साधना, तसं नोय! सोनीकाकू हाये ते! काडेपेटीचा फोन केलता, खेळातला—"

"काडेपेटीत बाई ठेवली काय? खोटं बोलाले तरी चांगलं शिका."

फोन तुटला. त्याने पुनःपुन्हा लावून पाहिला, लागला नाही.

सायंकाळी तो सोनीबाईच्या दारी गेला व घडले ते सर्व त्याने सांगितले. तिने कपाळाला हात लावला. चुलीजवळ पडलेली काडेपेटी पलीकडच्या ओढीने हलू लागली होती.

"म्या नाई बोलत आता," ती म्हणाली. "तूच घे."

अश्वजितने पेटी उचलून कानाशी लावली. दोरा ताठ झाला.

"माय, आज एक बाई मोबाईलवर आलती," लेकीचा स्वर आनंदाने ओसंडत होता. "म्हणे, मी माय. म्या नाई म्हटलं. मी फसली नाई न?"

त्याने ओठ उघडले, परंतु आवाज निघेना. निघाला असता तरी तो बापाचाच निघाला असता.

"माय? आयकून राह्यली न?"

दोरा ढिला पडला तर पलीकडे माय नाही हे तिला कळेल, म्हणून तो पेटी तशीच धरून उभा राहिला.