जाळीची वात

"परत तारेचा वरचाच वेढा तापला," मी म्हणालो आणि खोकलो.

"तू ओढतोसच तसा, अधाशासारखा," प्रोद्रोमोस म्हणाला. "वाफ आहे ती, जरा सावकाश घ्यावी. आण इकडे."

कॉफीहाऊसमधल्या खिडकीजवळच्या टेबलावर त्याचा सगळा पसारा असे. स्टीलच्या बारीक जाळीचे तुकडे, कात्री, गॅसची छोटी बत्ती, पाण्याचा पेला, एक जाडशी सुई आणि केसासारखी बारीक तार. एकतीस वर्षं त्याने आमच्या कवालाच्या, ग्रीसमधल्या ह्या बंदराच्या गावच्या, जहाजदुरुस्तीच्या यार्डात लेथ चालवला. यार्ड बंद पडलं, बायको त्याच्याही आधी गेलेली. मग गावात वाफेच्या सिगारेटी आल्या आणि त्यांच्या टाकीतला रस तापत्या तारेपर्यंत चढवणाऱ्या वाती हाताने करून देणारा हा एकटाच निघाला. तंबाखूच्या गोदामांवर पोसलेलं हे गाव, पण इथल्या कितीतरी म्हाताऱ्यांची सिगारेट त्याने सोडवली. माझीही. डॉक्टरने फुप्फुसांचा फोटो दाखवून 'आता एकही नको' असं बजावलं, तेव्हा मी तडक त्याच्याकडेच गेलो होतो. लोक त्याला पुन्हा उस्ताद म्हणायला लागले. त्याच्यापाशी आता तेवढंच उरलं होतं.

त्याने जाळीचा नवा तुकडा कापला, बत्तीवर लालभडक केला, पाण्यात बुडवला, पुन्हा तापवला. असं सात-आठ वेळा, जाळीवर काळपट साय धरेपर्यंत.

"ही साय आहे म्हणून सगळं आहे," तो नेहमीप्रमाणे म्हणाला. "ती नसली की वीज तारेतून फिरायची सोडून जाळीतच पळते. मग एकच वेढा पेटतो आणि घसा भाजतो."

सुईवर गुंडाळून त्याने जाळीची सुरळी केली, टाकीच्या भोकात उभी केली आणि तिच्याभोवती तार घ्यायला लागला. तेव्हा मी त्याचा हात पाहिला. थरथरत होता, आणि चांगलाच थरथरत होता. तार ओढताना नखाने सुरळीची वरची कड खरवडली आणि आतलं स्टील चकाकलं. त्याला ते दिसलं नाही.

"ह्या खेपेची जाळीच भिकार आलीये," तो म्हणाला. "घे, चालेल आता."

मी गप्प बसलो. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, बायकोला विचारा.

ती वातही करपली, आणि त्या आठवड्यात मी बंदरावर एका खलाशाकडून सिगारेट मागून ओढली. मग दुसरी. घरी पाय ठेवला तोच बायकोला, एवान्थियाला, वास आला.

"त्याला स्पष्ट सांग ना, हात थरथरतो म्हणून," ती म्हणाली.

"तू सांग."

"मी कशाला? दोस्त तुझा."

मी काही सांगितलं नाही. जाळी आणि तार विकत आणली आणि एवान्थियाच्या शेगडीवर स्वतःच करायला बसलो. त्याचं बघून बघून सगळं पाठ झालेलंच होतं. चार वाती वाया गेल्या, एवान्थियाच्या चिमट्याची वाट लागली. पाचवी जमली. बटण दाबलं तसे वेढे मधून लाल होत होत एकसारखे पेटले, आणि वाफ अशी गोड आली की काय सांगू. आनंद व्हायला हवा होता, पण चोरी केल्यासारखं वाटलं.

पुढे दर मंगळवारी तेच. माझी वात काढून, टाकी धुऊन त्याच्याकडे न्यायची. तो नवी बसवायचा, मी "वा उस्ताद" म्हणायचो, आणि घरी येऊन त्याची काढून पुन्हा माझी घालायचो. ईस्टरला सुरू केलं, ते अंजिरं पिकली तरी चालूच. मला वाटायचं, मी दोस्ती निभावतोय.

झालं भलतंच. माझी वात चालते म्हटल्यावर त्याला स्वतःच्या हाताबद्दल जी थोडी शंका असेल तीही गेली. कोणी तक्रार घेऊन आलं की तो उलट त्यालाच झापायचा. "अनेस्तिसची कशी चालते? विचारा त्याला." लोक मला विचारत आणि मी मान डोलवायचो. एकेक जण पुन्हा सिगारेटकडे वळला. त्या पापात माझा अर्धा वाटा होता.

एका दुपारी नाक्यावरच्या बेकरीच्या मेल्पोबाई आल्या, हाताला पीठ तसंच. त्यांनी आपली टाकी टेबलावर ठेवली.

"उस्ताद, तिसऱ्यांदा करपली. आज सकाळी मी पाकीट विकत घेतलं. अकरा महिने सोडली होती मी."

"तुम्ही टाकी कोरडी पडू देता, बाई."

"टाकी भरलेली आहे. तुमचा हात बघा आधी."

शेजारच्या टेबलावरचा पत्त्यांचा डाव थांबला. प्रोद्रोमोसचे कान लाल झाले.

"अनेस्तिस, दे रे तुझी. बाईंना दाखवू दे माझा हात."

"राहू दे ना. चालू आहे ती."

"म्हणून तर म्हणतो. दे."

त्याने झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं, टाकी मेल्पोबाईंपुढे धरली आणि मध्येच परत डोळ्याजवळ नेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रोद्रोमोस डावखुरा. त्याची तार एका बाजूने फिरते, माझी दुसऱ्या. चार महिन्यांत हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं, एवढा मी शहाणा.

"हे वेढे उजव्या हाताचे आहेत," तो म्हणाला. "ही माझी नाही."

त्याने भिंग टेबलावर ठेवलं.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून," मी म्हणालो.

"आणि मी ह्या माणसांशी भांडत बसलो." तो मेल्पोबाईंकडे बघत होता. "मला सांगायचंस रे, गाढवा. दोन दिवस तोंड लपवलं असतं, आणखी काय झालं असतं?"

मला वाटलं, आता हा उठून जाणार. पण त्याने मेल्पोबाईंची टाकी माझ्यापुढे सरकवली.

"बस. कर."

मी जाळी कापली, तापवली, बुडवली. साय धरल्यावर सुरळी केली. तार घेतली आणि त्याच्या बाजूने गुंडाळायला लागलो. निदान दिसायला तरी त्याची दिसावी. दुसऱ्याच वेढ्याला तार वाकडी झाली.

"तसं नको," तो म्हणाला. "तुझ्या बाजूने घे."

मग त्याने खिडकीपुढची आपली खुर्ची उचलली आणि मागे भिंतीपाशी नेऊन ठेवली, माझ्या हातावर उजेड पडावा म्हणून. तिथून त्याला वात दिसत नव्हती.